मागल्या दाराचं गाऱ्हाणं

३ सप्टेंबर, बुधवार

काल गणपती पोचवला. आज माटोळीची, गणपतीवर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट माळ्यावर ठेवायला चढलो, तर अंगावर धूळ आली, एक पाल आली आणि एक चावी पडली. भली थोरली, डोक्याला पिवळा रंग फासलेला. कोठीला लावून पाहिली, मागच्या दाराला लावून पाहिली, कशालाच लागेना. बायकोने, शांताने, ती रेडिओजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवली. म्हणाली, "कोणाची तरी आसतली."

दुपारी कंपनीतला राजेश आला. एचआर का काय म्हणतात तो. हातात लाडवांचा खोका. हा माणूस काम असल्याशिवाय आमच्या वाड्यावर येत नाही. गेल्या वर्षी २४ सप्टेंबरला सड्यावर, वरच्या माळावर, त्यांच्या रंगाच्या कारखान्यात टाकी फुटली, आग लागली आणि तीन कामगार मेले, तेव्हा हा आठ दिवस कुणाला तोंड दाखवत नव्हता.

आता म्हणतो, "काका, वर्ष होतंय. मॅनेजमेंटला श्रद्धांजलीचा मोठा कार्यक्रम करायचाय. तुम्ही गाऱ्हाणं घाला."

मी घाडी. गावात कुणाचं काही अडलं, कुणाकडून काही चुकलं, की गावाच्या राखणदार देवापुढे चार लोकांत उभं राहून ते बोलायचं काम आमच्या घराण्याचं. मी एकेक गोष्ट सांगायची आणि लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. उभा जन्म डिचोली-पेडणे बसवर कंडक्टर होतो, त्यामुळे आवाज अजून खणखणीत आहे.

मी म्हटलं, "श्रद्धांजलीक गाऱ्हाणें कित्याक रे?" तेव्हा हळूच खरं बाहेर पडलं. नवे कामगार मागच्या शेडमध्ये पाय ठेवत नाहीत. मागलं दार आतून कोणीतरी धडधडा वाजवतं म्हणतात. आलेले घाटी पुन्हा बेळगावची बस धरतात आणि माल अडून पडतो. म्हणजे मेलेल्यांची आठवण नाही, मेलेल्यांचा बंदोबस्त!

तरी मी हो म्हटलं. विशाल तिथे सुपरवायझर आहे, कामगार त्याच्याच हाताखाली असतात. बापाने नाही म्हटलं तर पोराला त्रास. लाडू कुत्र्याला घातले. त्यानेही हुंगून सोडले.

ही वहीसुद्धा कंपनीचीच, नवीन वर्षाला वाटलेली. प्रत्येक पानाखाली सुरक्षेचं एकेक वाक्य छापलंय. आजचं आहे "सावध कामगार, सुखी परिवार". शी! पण कागद चांगला आहे, टाकवत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

राजेशने गाऱ्हाणं मोबाईलवर लिहून पाठवलंय! माझं गाऱ्हाणं, आणि लिहिणार हा पुण्याचा पोरगा. "हे क्षेत्रपाल देवते, आमच्या उद्योगसमूहावर कृपादृष्टी ठेव, उत्पादनात उत्तरोत्तर वृद्धी होवो." राखणदाराला हे कळायला आधी त्याला शाळेत घालावं लागेल.

फोन लावला. म्हटलं, "मेलेल्यांची नावं खंय आसात?"

"काका, नावं नको. ते आमच्या रोलवर नव्हते, ठेकेदाराचे होते. लीगल अडचण होते. आपण 'परिवारातील दिवंगत सदस्य' म्हणू."

"आणि टाकी फुटली, ती कोणाची चूक?"

"रिपोर्टमध्ये आहे ना. मागच्या दारापाशी बिड्या सापडल्या. त्या मारुतीने बिडी पेटवली. जाऊ दे, मेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं?"

बोलायचं नाही म्हणे, आणि बोलून मोकळा. फोन ठेवला आणि तोंड धुतलं, कानही धुतले.

शांता म्हणाली, "तुमी तरी त्यांका घाटी म्हणूंक सोडलां? त्या राजेशाक कित्याक हांसतात?" तिला काय कळतंय. बसवर सगळेच तसं म्हणायचे.

११ सप्टेंबर, गुरुवार

सड्यावर जाऊन आलो. राखणदाराची जागा कारखान्याच्या मागल्या दाराला लागूनच आहे, किंदळीच्या झाडाखाली. पूर्वी सगळा सडाच त्याचा होता, आता कुंपणाबाहेर हात-दोन हात जागा उरलीय. दगडापुढे बिड्यांचं एक जुनं बंडल, पावसाने कुजून लगदा झालेलं.

आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. अरे, बिडी राखणदाराला लागते! रोट, विडा, बिडी. हे त्या कामगारांना मीच सांगितलं होतं, इथेच उभं राहून. परमुलखात आलात, इथल्या धन्याला बिडी ठेवा, तो सांभाळील. बिचारे ठेवायचे. दुपारच्या सुट्टीत मागल्या दाराने बाहेर यायचे, बिडी ठेवायचे, झाडाखाली दोन घटका टेकायचे. त्या बिड्यांचा रिपोर्ट केला या मेल्यांनी!

बाजूला बाबलीचा चहाचा गाडा. त्याला विचारलं. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "नारायणमाम, दार जाम जालेलें म्हणतात ती फट आसा, खोटी गजाल. भायल्यान ताळें आसलें. हांवें दोळ्यांनी पळयलें. भितर ते दार बडयताले आनी हांव फातर घेवन ताळें फोडटालों. फुटलेंच ना."

आत ते तिघे दार बडवताहेत आणि हा बाहेरून दगडाने कुलूप ठेचतोय. मी चहा प्यायलो नाही.

संध्याकाळी विशालला विचारलं, "मागल्या दाराक कुलूप कोण घाली?" म्हणाला, "साहेबांची ऑर्डर आसली. लोक भायर वचून बसतात म्हणून." मी म्हटलं, "ऑर्डर कोणाची तें विचारूंक ना. घाली कोण?" तो ताटावरून उठला. हल्ली त्याचं हे रोजचंच झालंय. दोन घास खाल्ले की उठतो. रात्री ओसरीवर येरझाऱ्या घालतो. अंगावरचा शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबतो. डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी. त्या कारखान्याच्या वासाने दुसरं काय होणार!

१४ सप्टेंबर, रविवार

आज माझ्या बाबांचा म्हाळ, पितृपक्षातलं श्राद्ध. शांताने खीर, वडे, अळूचं तोंडाक केलं. विशालने पान बाहेर कावळ्याला ठेवलं आणि आत आलाच नाही. माडाखाली उभा राहून ओकत होता. शांता पाठीवरून हात फिरवायला गेली, तर तिचा हात झटकला.

गेल्या वर्षी याच जेवणावर बसलो असताना तो आवाज झाला होता. खिडकीची काच फुटून खिरीत पडली. विशाल इथेच, माझ्या उजव्या बाजूला. मीच फोनवर फोन करून बोलावलं होतं त्याला, पितर खोळंबलेत, दोन घास खाऊन जा म्हणून. "काम आहे" म्हणत होता. मी ऐकलं नाही. आला, घाम पुसत पानावर बसला, आणि धडाम! तो तसाच उष्ट्या हाताने पळत सुटला. जायच्या आधी खिसे चाचपत होता, पांढराफटक पडला होता.

पितरांनीच वाचवला माझ्या पोराला, असं मी आजवर शंभर जणांना सांगितलंय. आज म्हाळाच्या पानासमोर पुन्हा तेच म्हणालो. विशाल माझ्याकडे असं बघत राहिला की मीच नजर वळवली. इतका भित्रा कसा झाला हा पोरगा?

१८ सप्टेंबर, गुरुवार

राजेश म्हणतो, कार्यक्रमात सेल्फी पॉइंट ठेवलाय. मी विचारलं, म्हणजे काय? फुलांची कमान आणि तिच्यावर "आम्ही विसरलो नाही". तिच्याखाली उभं राहून हसत फोटो काढायचा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मारुतीची आई आली. रुक्मिणी नाव, चंदगडकडची. कंपनीने बोलावलं, पण न्यायला गाडी पाठवायची कुणालाच आठवण नाही. बाई दोडामार्गहून बस बदलत आली आणि आमच्या तिठ्यावर पिशवी पोटाशी धरून बसून राहिली. शांता पाव आणायला गेली होती, ती पावाबरोबर बाईलाही घेऊन आली.

बारकी, काळीसावळी, बोलायला खणखणीत. चहात पाव बुडवून खाल्ला आणि म्हणाली, "माज्या मारुतीनं बिडी वडली म्हनं. दादा, त्येला धूर सोसत नव्हता वो. ल्हानपनापासनं. म्या चूल पेटवली की ह्यो दारात. बाहीर बसून भाकरी खायाचा."

मग मी तिला राखणदाराची, बिड्यांची गोष्ट सांगितली. तिने कप खाली ठेवला. नंतर म्हणाली, "म्हंजे देवाला ठेवली हुती. मग देव कुटं गेलता?"

तिला कंपनीकडून काहीच नको. तिला एवढंच हवंय की मारुतीने आग लावली हे खोटं आहे, असं चार लोकांत कुणीतरी म्हणावं. गावात लोक तिला तोंडावर बोलतात, तुझ्या पोराने दोन जीव घेतले.

विशाल कामावरून आला. शांता म्हणाली, "ही मारुतीची आई." तो दारातच थिजला. बाई म्हणाली, "तुमी इशालसाहेब व्हय? मारुती लई नाव घ्यायचा तुमचं. लई चांगलं साहेब हायत म्हनायचा." विशाल चपला न काढताच मागच्या दाराने निघून गेला. शरम वाटली मला. घरी आलेल्या माणसाशी असं वागतात?

ठरवलं. उद्या राजेशचं गाऱ्हाणं नाही, माझं गाऱ्हाणं. विशालची नोकरी गेली तर गेली.

२४ सप्टेंबर, बुधवार

झोपायच्या आधी सगळं लिहून काढतो.

पांढरा मंडप, वर भिरभिरणारा ड्रोन कॅमेरा, खुर्च्यांना गुलाबी फिती. लग्न का मयत कळेना. पाहुण्यांना घाई होती म्हणून मौन सुरू झालं आणि लगेच संपलं, कुणीतरी तेवढ्यात शिंकलं ते वेगळंच. पाटीवर तिघांचं नाव नाही. रुक्मिणीबाईला व्यासपीठावर बोलावून साडी दिली आणि लाडवांचा खोका दिला. पोराच्या वर्षश्राद्धाला लाडू! बाईने तो खोका हातात धरला, जसा काही आत साप आहे. कॅमेरावाला सांगत होता, "मावशी, जरा इकडे बघा."

मग आम्ही मागल्या दाराशी गेलो. दार नवं, रंगही नवा, पूर्वीसारखाच पिवळाधमक. राजेशने माईक माझ्या तोंडाशी धरला. मी नारळ घेतला आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, सड्याच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या पायाकडे आयलेली ही लेकरां, त्येंचां गाऱ्हाणां आयक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथपर्यंत राजेश मान डोलावत होता.

"चंदगडचो मारुती, खानापूरची रत्ना, गडहिंग्लजचो यशवंत, ही तुझ्या राज्यात पोट भरूक आयली, ती ह्या दारामागे होरपळून मेली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आवाज जरा कमी.

"त्येंनी बिडी ठेवली ती तुका ठेवली, ओढूक न्हय! मारुतीन आग लावली म्हणून जो सांगता, तो फट सांगता रे म्हाराजा!"

माईक बंद झाला. करू दे बंद! भरल्या बसमध्ये मागच्या सीटपर्यंत तिकीट विचारलंय मी. कामगार पुढे सरकले आणि आता "व्हय म्हाराजा" असा आला की पत्रे वाजले. आणि मग जे मी ठरवलंही नव्हतं, ते माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"ह्या दाराक भायरून कुलूप आसलां! चावी कोणाच्या हातात आसली, ती तुका म्हायत आसा! त्येच्या घशाखाली अन्न उतरा नये, त्येच्या डोळ्याक नीज लागा नये, जोपर्यंत तो चार लोकांत उबो रवान आपल्या तोंडान सांगणा नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

रुक्मिणीबाईने सगळ्यात मोठ्याने म्हटलं, दोन्ही हात वर करून. बाबली रडत म्हणत होता. विशाल तेवढा गप्प, दाराच्या खांबाला टेकून. बिचाऱ्याची नोकरी आहे, साहेबांच्या देखत कसा म्हणेल? शांताही गप्प होती. ती विशालकडे बघत होती.

पुलावाची पाकिटं वाटली. मी घेतलं नाही. कमानीखाली पाहुण्यांनी फोटो काढलाच.

२५ सप्टेंबर, गुरुवार

राजेशचा फोन, "काका, तुम्ही आमचा विश्वासघात केलात." मी म्हटलं, "तुझो विश्वास तुझ्याकडेच ठेव, कुत्रोय खायना तो." मन हलकं झालं.

विशाल कामावर गेला नाही. काल दुपारपासून पाण्याशिवाय पोटात काही नाही. पेजेचा वाडगा समोर ठेवला तर भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने विचारतो, "बाबा, घातलेलें गाऱ्हाणें परत घेवंक मेळटा?"

"ना," मी म्हटलं. "ज्याच्येर घातलें, ताणेंच येवन चार लोकांत सांगल्यार फिरता. कित्याक विचारतस? साहेबान सांगलें तुका?"

त्याने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. नक्कीच त्या कंपनीवाल्यांनी दम भरला असणार, बापाला सांग, गाऱ्हाणं मागे घे म्हणून. पोराला मध्ये घालतात, निर्लज्ज मेले.

रुक्मिणीबाईला आज जायचं होतं. शांताने थांबवून घेतलं. का ते सांगत नाही. कालपासून माझ्याशी मोजकंच बोलते.

रेडिओ लावायला गेलो, तर खिळ्यावर ती चावी नाही. शांताला विचारलं. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "तिच्या कुलपाकडे गेली आसतली."

भली थोरली चावी. डोक्याला पिवळा रंग.

पुढे लिहवत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी विशाल आंघोळ करून आला. म्हणाला, "चला."

चौघे गेलो. तो, मी, शांता, रुक्मिणीबाई. गाडा सोडून बाबली आला, चहा पीत असलेले दोघे-तिघे कामगार आले. किंदळीखाली मी नारळ धरला. विशालने नारळ माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच बोलायला लागला. त्याला गाऱ्हाणं घालता येत नाही. मी कधी शिकवलंच नाही, त्याला त्यात रस नव्हता.

"राखणदारा म्हाराजा, कुलूप हांवें घाल्लें. साहेबान सांगलें म्हणून घाल्लें, पूण घाल्लें हांवें. चावी म्हज्या खिशांत आसली. म्हाळाचें जेवण जेवंक घरा गेल्लों. परत धांवत आयलों, तेदना भितर आवाज बंद जाल्लो. मागीर चावी माळ्यार लिपयली आनी मारुतीचेर घाल्लें तें आयकून गप्प रावलों."

फोन कुणी केला होता, ते त्याने सांगितलं नाही.

तो थांबला. गाऱ्हाण्यात बोलणारा थांबला की लोकांनी म्हणायचं असतं. कुणीच म्हणेना. झाडावर एक खार चिरचिरत होती, तेवढाच आवाज. विशाल नारळ धरून उभा. माझ्या अंगात आलं की त्याचं नरडं धरावं. आणि त्याच वेळी वाटलं, त्याला पोटाशी धरावं. दोन्हीची किळस आली.

रुक्मिणीबाई माझ्याकडे वळली. डोळे कोरडे. "म्हना की वो," ती म्हणाली. "परवा माज्या पोरासाठी समदी म्हनत हुती. ह्येच्यासाठी कोन म्हननार? तुमचंच हाय न्हवं?"

मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. आवाज फुटला नाही, नुसती हवा गेली. पुन्हा म्हटलं. शांताने म्हटलं. बाबलीने म्हटलं, कामगारांनी म्हटलं. बाईने म्हटलं नाही. पिशवी पोटाशी धरून ती सरळ तिठ्याच्या वाटेला लागली. शांता मागे धावली, तरी थांबली नाही.

तिथून मी आणि विशाल डिचोलीला, पोलीस ठाण्यात. चावी टेबलावर ठेवली. विशालने सगळं पुन्हा सांगितलं, ऑर्डर कोणी दिली तेही नाव घेऊन. फोनचं मी सांगितलं. शिपायाने वर पाहिलं आणि लिहून घेतलं. दुपार झाली तेव्हा तो समोरच्या हॉटेलातून पाव-भाजी घेऊन आला आणि विशालपुढे सरकवली.

विशाल जेवला. पाव मोडून, भाजीत बुडवून, भराभरा. वाटी पुसून घेतली. मग शिपायाकडे बघून हळूच म्हणाला, "आणखी एक पाव मेळटलो?"

वर्षभरात पहिल्यांदा त्याने मागून घेतलं. टेबलावर तिघांच्या मरणाची चावी पडलेली, ती बाई एकटी बसची वाट बघत बसलेली, आणि मला काय झालं, तर आनंद झाला. पोरगा जेवला म्हणून. घरी येऊन पहिलं तेच शांताला सांगितलं, हसत.

शी!